डॉक्टरांच्या फटफटीचा मागचा दांडा

“उतरू नका डॉक्टरसाहेब! उतरलात आणि पट्ट्याने एकदम पकडलं, तर गाडी एकटीच पुढे जाईल,” मी मागून ओरडलो.

डॉक्टर उतरणार नव्हतेच. ते सीटवर ऐसपैस बसले होते. इंजिन जोरात फटफटत होतं आणि मागचं चाक जागचं हलत नव्हतं. दोन गडी मागे कॅरियरच्या कडा धरून, दोघं दोन बाजूंनी आणि एक म्हातारा पुढे दोर बांधून, असे पाच जण गाडी चढणीवर ओढत-ढकलत होते. मी सहावा. माझा घाम नाकावरून टपकत होता आणि या मंडळींच्या निवांत गप्पा चालल्या होत्या.

“डागदर, माझे पोरीचा कान वाहतोय.”

“किती दिवस झाले?”

“झाले आठ-दहा. अन् या बाळूला रातचा खोकला.”

“बाळू, थुंकीत रक्त दिसतं का रे?”

“नाय. तू जरा हँडल सरळ धर ना, दगड हाय पुढं.”

मला भयंकर राग आला होता. एक तर दरबारी डॉक्टरला ‘तू’ म्हणत होते. तिकडे तसंच बोलतात, लहान-थोर सगळ्यांना एकच ‘तू’, हे मला नंतर कळलं. दुसरं म्हणजे मी मुंबईच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं हात काळे केलेला माणूस. जव्हार संस्थानच्या मोटारखान्यात मिस्त्री म्हणून लागून मला तीन आठवडे झाले होते. आणि माझ्या ताब्यातली गाडी भर दुपारी सगळ्या पाड्यासमोर ढकलत न्यावी लागत होती.

त्या वेळी मोटारखाना म्हणजे तीन वाहनं. एक मोटार, एक लॉरी आणि लिमये डॉक्टरांची ही फटफटी. डॉक्टर दर बुधवारी जव्हारहून साखरशेतला जाऊन तिथे दवाखाना लावायचे. पूर्वी ते घोड्यावर जात. एकदा घोडा बुजला, डॉक्टर पडले आणि त्यांचा उजवा गुडघा कायमचा अधू झाला. घोड्यावर मांड ठोकणं बंद, लांब चालणं बंद. म्हणून ही फटफटी आली. ती आली तेव्हाच जुनी होती, आणि तिला येऊनही आता आठ वर्षं झाली होती. जाताना वाटेत कुंडाच्या पाड्याखालची एक लांब चढण लागायची. तिथे ती हटकून हात टेकायची. मग पाड्यावरचे लोक खाली येऊन ढकलायचे. माथ्यावर मोहाचं एक मोठं झाड होतं. तिथे इंजिन थंड होईपर्यंत डॉक्टर दगडावर बसून पेटी उघडायचे, ढकलणाऱ्यांना आणि त्यांच्या मागून आलेल्या बाया-पोरांना औषधं द्यायचे आणि मग पुढे जायचे.

हे सगळं मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट शिरली, की या खोळंब्यात पाऊण तास गेला.

दुसऱ्या दिवशी कारभारी साहेबांनी मला कचेरीत बोलावलं. कारभारी म्हणजे संस्थानचा कारभार पाहणारे मुख्य अधिकारी. माणूस सभ्य, बोलणं तोलूनमापून.

“मिस्त्री, ती फटफटी चढण चढेल का? हो की नाही एवढंच सांगा.”

“आहे तशी नाही चढणार साहेब.”

“मग मला ती विकावी लागेल. डॉक्टर घोड्यावर बसू शकत नाहीत. बैलगाडीने जायला एक दिवस, यायला एक दिवस, तोवर इथला दवाखाना उघडा कोण ठेवणार? साखरशेतचा बुधवार बंद करावा लागेल. डॉक्टर तर म्हणतात, बुधवार बंद झाला तर मलाही मोकळं करा.”

मी विचारलं, “त्यांच्या जागी दुसरे येतील ना साहेब?”

“येतील. जव्हारात येतील. त्या चढणीच्या वर कोण जाईल?”

 मग तरुण माणसाच्या तोंडून जे निघतं ते निघून गेलं. “मला दोन महिने द्या. मी तिला चढवून दाखवतो.”

आता या गाडीचं दुखणं काय होतं ते सांगतो. तिच्यात इंजिनच्या पुलीवरून मागच्या चाकापर्यंत चामड्याचा एक पट्टा गेलेला होता. मध्ये ना गिअर, ना क्लच. इंजिन चालू तर गाडी चालू. सपाटीवर ठीक. चढणीवर जोर पडला की पट्टा पुलीवर नुसता घसरायचा. इंजिन ओरडतंय आणि चाक ढिम्म, असा प्रकार. पावसाळ्यात तर विचारूच नका.

याला इलाज गिअरचा. सपाटीवर माणूस लांब ढांगा टाकतो. तोच माणूस डोक्यावर नागलीचं पोतं घेऊन डोंगर चढायला लागला की पावलं लहान करतो. पावलं जास्त पडतात, पण दम पुरतो. इंजिनला अशी लहान पावलं टाकायची सोय करून देतो तो गिअरबॉक्स. आमच्या गाडीला तो नव्हता आणि त्या मॉडेलला तो कधी बसवलेलाच नव्हता. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा काढून हिच्या पोटात घालायचा.

कामाला लागण्याआधी मी गाडी नीट तपासली. माझे मुंबईचे फोरमन, एक म्हातारे पारशी गृहस्थ, आम्हाला एकच धडा पुन्हा पुन्हा द्यायचे. गाडी किती आवाज करते ते राहू दे, आधी कुठे झिजली ते बघ. जो भाग झिजतो तो काम करत असतो. त्या शिस्तीने मी एकेक भाग पुसून पाहिला. पुली झिजलेली, ते अपेक्षितच होतं. मागच्या कॅरियरचा रंगही दोन्ही कडांना साफ उडाला होता आणि लोखंड चकचकीत झालं होतं. मी म्हटलं, औषधाची पेटी घासत असेल. कागदावर लिहिलं, ‘कॅरियर खराब, बदलणे.’ आणि पुढे गेलो.

मुंबईला जाऊन मी भंगारवाल्यांच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. पहिलं महायुद्ध संपल्यानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या फटफट्यांचे सांगाडे तिथे ढिगाने पडले होते. एका लष्करी गाडीचा तीन गिअरचा बॉक्स मिळाला, क्लचसकट आणि पायाने मारायच्या किकसकट. मागचं चाक एका अमेरिकन गाडीचं मिळालं, त्याला दातेरी चक्र आधीच बसवलेलं. त्याला आम्ही स्प्रॉकेट म्हणतो. पट्ट्याऐवजी आता साखळी येणार होती, म्हणून ते हवंच होतं. कॅरियर तिसऱ्याच एका गाडीचं घेतलं. ते नवंकोरं होतं, काळंभोर आणि सपाट. त्यावर पेटी ठेवली की अगदी बैठक मारायची. मी स्वतःवर फार खूश होतो.

जव्हारला आणून सगळं अंगणात मांडलं, तेव्हा डॉक्टर काठी टेकत बघायला आले.

“मिस्त्री, माझी गाडी यातली कोणती?”

“मधली साहेब.”

“आणि बाकीचे?”

“सोयरे आहेत.”

डॉक्टर हसून हसून खाली बसले. त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी दवाखाना आटोपला की यायचे आणि दारातून विचारायचे, “पेशंट कसा आहे?” पेशंट फारसा बरा नव्हता.

सोयरे जमायला तयार नव्हते. पहिली अडचण जागेची. इंजिन आणि मागचं चाक यांच्यात जेमतेम चार बोटांची फट. गिअरबॉक्स तिथे मावेना. मी इंजिन पुढे सरकवलं, मागचं चाक मागे घेतलं, तरी दोन बोटं कमी. शेवटी बॉक्स फ्रेमच्या आत बसवण्याचा नाद सोडला आणि खालून टांगायचं ठरवलं. टांगायला जाड पट्ट्या हव्यात. बाजारातल्या गोविंद लोहाराने त्या बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेतून ठोकून दिल्या. धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी. वर्षानुवर्षं दगडावर आपटून ते लोखंड असं मुरलेलं असतं, की कानससुद्धा त्यावरून घसरते.

“याला काय होणार नाही,” गोविंद म्हणाला. “तुमचं विलायती आधी तुटेल.”

दुसरी अडचण दात्यांची. लष्करी बॉक्सच्या दात्यांचं अंतर वेगळं, अमेरिकन चाकाच्या दात्यांचं वेगळं. एकाला बसणारी साखळी दुसऱ्यावर चढून बसायची आणि कडकड उड्या मारायची. याला जुगाड चालत नाही. मी पुन्हा मुंबई गाठली आणि बॉक्सला जुळणारं मोठं स्प्रॉकेट आणून चाकावर चढवलं. मग तिसरी अडचण निघाली. पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत येईनात, अर्ध्या बोटाचा फरक. साखळी तिरकी चालली की ती स्वतःला खाते. दोरी धरून, पट्ट्यांखाली पातळ चकत्या घालून, काढून, पुन्हा घालून मी आठ दिवस त्या अर्ध्या बोटामागे घालवले. त्या आठ दिवसांत मी माझ्या बायकोशीही धड बोललो नाही, असं ती अजून सांगते.

नवव्या दिवशी डॉक्टर दारात आले. “पेशंट?”

मी किक मारली. इंजिन सुरू झालं आणि गाडी जागेवर उभी राहिली. क्लच दाबून गिअर टाकला. क्लच सोडला. ती अंगणातून हळूच, एखाद्या शहाण्या गायीसारखी चालत बाहेर पडली. डॉक्टरांनी काठी बगलेत मारून चक्क टाळ्या वाजवल्या. इतकी गोड माणसं मी आयुष्यात फार थोडी पाहिली.

ट्रायलच्या बुधवारी कारभारी साहेब मोटारीने पुढे जाऊन माथ्यावरच्या मोहाखाली उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी. खालून आवाज यायला लागला. पाड्यावरचे लोक नेहमीप्रमाणे रस्त्याच्या कडेला येऊन थांबले होते. पुढे तो दोरवाला म्हातारा, लखमा. दोर त्याच्या खांद्यावर तयार होता.

डॉक्टर चढणीच्या तोंडाशी आले. मी मनात म्हणत होतो, आता दुसरा टाका, दुसरा. त्यांनी दुसरा टाकला. गाडीने आवाज बदलला आणि ती एका दमात, न थांबता, लोकांच्या समोरून वर आली. डॉक्टरांनी जाता जाता त्यांना हात केला. त्यांनीही केला असावा. मला नीट आठवत नाही, कारण माझे डोळे साखळीवर होते. एवढं आठवतं, की लखमाने खांद्यावरचा दोर काढला आणि तो हातावर गुंडाळत उभा राहिला. मला वाटलं, बिचारा चकित झाला.

“शाबास मिस्त्री,” कारभारी म्हणाले. “आता डॉक्टरांचा बुधवार कोणी बंद करत नाही.”

त्यापुढचे दोन-तीन बुधवार डॉक्टर साखरशेतला तासभर आधी पोचले. तासभर आधी परतही आले. एका बुधवारी मोटारखान्यात गाडी लावल्यावर ते भरलेली औषधाची पेटी उघडून बघत राहिले.

“काय झालं साहेब? बॉक्स आवाज करतोय?”

“नाही हो, उत्तम चालते. पेशंट आटलेत. साखरशेतचे येतात. कुंडाच्या पाड्याचं मात्र कोणी येत नाही. एकही नाही.”

“थंडी सरली साहेब. हवा चांगली आहे. बरे असतील सगळे.”

“बाळूचा खोकला आपोआप बरा होणारा नव्हता,” डॉक्टर म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

मी जरा दुखावलोच. एवढी गाडी चालती केली आणि हे खोकल्याचं बोलतात!

होळीच्या आधीचा बुधवार असेल. साखळी नवी असली की सुरुवातीला ताणून ढिली पडते, ती पुन्हा आवळावी लागते. म्हणून मी डॉक्टरांच्या मागे कॅरियरवर बसून गेलो. चढणीच्या पायथ्याशी साखळी वाजायला लागली. गाडी थांबवली, पाने काढले, काम केलं. अर्धा तास गेला. पूर्वी तिथे गाडी थांबायचा अवकाश, की माणसं उतरून यायची. त्या दिवशी कोणी फिरकलं नाही. वर पाड्यात कोंबडे आरवत होते, धूर दिसत होता. माणसं होती.

“मी पाणी मागून आणतो,” असं म्हणून मी वर गेलो.

पहिलंच घर लखमाचं. तो दाराशी कुडाला टेकून बसला होता. उजवा पाय पुढे पसरलेला, त्यावर पाला बांधलेला. वास दारापर्यंत येत होता. राब भाजण्यासाठी झाडावर फांद्या तोडताना कोयती निसटून पायावर बसली होती. राब म्हणजे भाताची रोपं वाढवायची जागा, ती पावसाच्या आधी पालापाचोळा घालून भाजतात. घोट्यापासून वर पाय सुजून तुकतुकीत झाला होता.

“कधी लागलं रे हे?”

“झाले धा-बारा दिस.”

“दहा-बारा? अरे, गेल्या बुधवारी डॉक्टर जाता-येता दोनदा गेले ना इथून! खाली येऊन का नाही सांगितलंस? कोणाला का नाही पाठवलंस?”

लखमा माझ्याकडे बघत राहिला. आपल्याला एवढी साधी गोष्ट समजावून सांगावी लागते याचा त्याला संकोच वाटत असावा.

“कसा येऊ? गाडी तर आता आपली आपण जाते.”

“मग बरंच आहे की! लवकर जाते.”

“हां. तू चांगली केली गाडी. पण आमचं काम सरलं ना.” त्याने पाय जरा हलवला आणि ओठ दाबून धरले. “लावणीला मी तुझे खाचरात एक दिस, तू माझे खाचरात एक दिस. असं असतं आमचे इथं. आमी गाडी ढकलायचो, डागदर दवा द्यायचा. आता आमी काय देवावं?”

“अरे, औषध फुकट आहे! दरबारचं आहे!”

“फुकट घ्यायला आमी मागते नाय,” लखमा म्हणाला. रागावून नाही, नुसतं सांगितलं.

मी पाणी न घेताच खाली पळालो. डॉक्टरांना काय सांगितलं ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की अधू गुडघ्याने ते काठी टेकत तो पाडा चढले. मी हात द्यायला गेलो तो त्यांनी झिडकारला.

त्यांनी पाला सोडला आणि त्यांचा चेहराच बदलला. तिथल्या तिथे जखम धुतली.  मग डॉक्टर म्हणाले, “लखमा, तुला आज माझ्याबरोबर जव्हारला यायचंय. नाही आलास तर पाय कापावा लागेल. अजून उशीर झाला तर कापूनही उपयोग नाही.”

“नाय येत.”

“का?”

“मी काय देऊ तुला?”

डॉक्टर गुडघ्यावर हात दाबत त्याच्या शेजारी जमिनीवरच बसले. “आठ वर्षं तू माझ्या खाचरात राबलास ना? दर बुधवारी? मग माझा दिवस भरायचा राहिलाय की नाही? आता मी तुझ्या खाचरात येतो, तर मला बांधावरून परत पाठवतोस?”

लखमाने यावर बराच विचार केला. त्याची बायको आतून काहीतरी बोलली, त्यालाही त्याने हुं केलं. मग त्याने दोन्ही हात माझ्या खांद्याकडे पसरले.

त्याला मी पाठुंगळी घेऊन खाली आणलं. माझ्या त्या नव्याकोऱ्या, सपाट कॅरियरवर बसवलं, पडू नये म्हणून त्याच्याच दोराने डॉक्टरांच्या कमरेशी बांधलं आणि गाडी जव्हारकडे रवाना केली. मी मागून पायी आलो. चालत जायला मला संध्याकाळ झाली आणि त्या वेळात मला बरंच काही सुचलं. कॅरियरच्या कडांचा तो उडालेला रंग पेटीमुळे उडाला नव्हता. आठ वर्षं तिथे हात लागत होते. झिजलेला भाग माझ्या डोळ्यांसमोर होता, मी तो पुसून पाहिला होता आणि भंगारात टाकला होता. मला माझीच इतकी लाज वाटली, की गावात शिरताना मी ओळखीच्या माणसांना चुकवत आडवाटेने घरी गेलो.

लखमाचा पाय वाचला. दोन बोटं गेली. तो दवाखान्यात महिनाभर राहिला आणि त्या महिन्यात त्याने दवाखान्याचं सगळं अंगण बसल्या बसल्या निंदून काढलं, गवताची काडी ठेवली नाही. कंपाउंडरने मना केलं तर डॉक्टर म्हणाले, “करू दे त्याला. ते त्याचं औषध आहे.”

मग एके दिवशी डॉक्टर मोटारखान्यात आले. पेशंटची चौकशी नाही, चेष्टा नाही.

“मिस्त्री, गाडी त्या चढणीवर बंद पडली पाहिजे.”

मी हातातला पाना खाली ठेवला. “साहेब, मी हिच्यासाठी दोन महिने मरमर मेलोय.”

“माहीत आहे मला.”

“ती बंद पडणार नाही. मी पडू देणार नाही. आता पावसाळ्यात तुम्हाला तिची खरी गरज लागेल.”

“तेही खरं,” डॉक्टर म्हणाले. “मग कसं करू सांगा. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्यामुळे या लोकांचा खोळंबा होतो. दर बुधवारी मनातल्या मनात त्यांची क्षमा मागायचो मी. आणि ते मला इतकी वर्षं बरोबरीने वागवत होते.”  मी त्यांच्याकडे बघितलं नाही. डबा उघडून उगाच नट मोजत बसलो.

गाडीत दोष घालायला माझा हात धजेना. पण एक गोष्ट मला करता येण्यासारखी होती. मी गोविंद लोहाराकडे गेलो. धावेचं उरलेलं लोखंड त्याच्याकडे होतं. त्याचा हाताएवढा लांब आडवा दांडा ठोकून घेतला, कडा गोल करून घेतल्या आणि कॅरियरच्या मागे चार बोल्टांनी पक्का बसवला. दोघांना चार हातांनी धरून ढकलता येईल असा.

त्या बुधवारी मी मुद्दाम बरोबर गेलो. चढणीच्या तोंडाशी डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. हाक मारली नाही, नुसते बसून राहिले. वर पाड्यात एक कुत्रं भुंकलं. मग बाळू आला, खोकत. मग दोघं-तिघं. सर्वांत शेवटी काठीवर जोर देत, लंगडत लखमा आला. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. साखळी बघितली. टाकीला कान लावला.

“ही बंद नाय पडली,” तो म्हणाला. “तू पाडली.”

डॉक्टर ओशाळले. “हो. मी बंद केली.”

“चालते ना ती?”

“चालते.”

लखमाने मागचा दांडा हाताने चाचपून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. “हा ह्याने केला?”

“हो.”

“बरा केला. आदी कॅरियर हाताला कापायचा.” त्याने काठी बाळूकडे दिली, दांड्याच्या एका टोकाला दोन्ही हात घातले आणि मागे वळून बाकीच्यांना ओरडला, “बघता काय? लावा हात!”

माथ्यावर पोचेपर्यंत डॉक्टरांना दोन खोकले, एक वाहता कान, एक बाळंतीण आणि एक हगवण एवढी खबर मिळाली होती. मोहाखाली पेटी उघडली गेली. घाईचा पेशंट असला की डॉक्टर इंजिन बंद करत नसत, दुसऱ्या गिअरमध्ये सरळ निघून जात, आणि पाड्यावरचे लोकही ते समजून घेत. पुढच्या बुधवारी मात्र ते आठवणीने दोनदा ढकलायचे, पायथ्यापासून एकदा आणि माथ्यावरून पुढे पुन्हा एकदा.

वर्षअखेरीला कारभारी साहेब मोटारखाना तपासायला आले. दांड्यापाशी थांबले.

“हे कशाला?”

“चढणीसाठी साहेब. ढकलायला.”

“पण ती तर आपली आपण चढते. मी स्वतः पाहिलंय.”

“चढते साहेब.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर छताकडे बघत होते. कारभाऱ्यांनी ‘वाहन सुस्थितीत’ असं लिहून सही केली आणि लॉरीकडे वळले.

लिमये डॉक्टर आणखी सहा वर्षं साखरशेतला गेले. ते निवृत्त झाल्यावर फटफटी माझ्याकडे परत आली आणि मोडीत काढायला मीच ती उघडली. लष्करी बॉक्सचे दाते जवळजवळ जसेच्या तसे होते. अमेरिकन चाक ठाकठीक. साखळी अजून वर्षभर चालली असती. गोविंद लोहाराचा तो दांडा मात्र, ज्यावरून कानस घसरायची, तो दोन्ही टोकांना झिजून बोटांच्या आकाराचा झाला होता. डाव्या टोकाला जास्त. लखमा डावीकडे असायचा.

बाकीचे भाग मी भंगारात दिले. दांडा काढून घरी आणला. फोरमनसाहेबांचा धडा मी पहिल्या दिवशी चुकलो होतो, तो शेवटच्या दिवशी बरोबर वाचला. जो भाग झिजतो, तो काम करत असतो.